‘सुटका झाली’ म्हणण्याआधी

नेसरी हे माझे माहेर. गावाचे नाव सांगितले की समोरचा माणूस लगेच प्रतापराव गुजरांची आठवण काढतो. २४ फेब्रुवारी १६७४ रोजी प्रतापराव आणि त्यांचे सहा साथीदार बहलोलखानाच्या फौजेवर चालून गेले, ते इथेच. आम्हा माहेरवाशिणींना त्याचा अभिमान आहेच. पण आज सांगणार आहे ती गोष्ट लढाईची नाही, आपल्या घराघरांत होणाऱ्या बाळंतपणाची आहे. बाळंतपण म्हणजे बाईचा दुसरा जन्म, असे आपण ओटी भरताना सहज बोलून जातो. त्याचा अर्थ मला कळला तो माझ्या भाचेसुनेच्या वेळी.

चार-पाच वर्षांपूर्वीची गोष्ट. ऊसतोडीचा हंगाम चालू होता. भाचेसुनेची ही दुसरी खेप. नऊ महिने कसली म्हणून तक्रार नाही. पहाटे कळा सुरू झाल्या, जवळच्या एका दवाखान्यात नेले आणि सातच्या सुमारास मुलगा झाला. वारही व्यवस्थित पडली. बाहेर पेढे आले. सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य, “सुटली बाई एकदाची!”

तिच्याजवळ बसली होती आमची थोरली आत्या. आत्या म्हणजे स्वच्छतेची मोठी भोक्ती. बाळंतिणीखालचे फडके भिजले की लगेच काढायचे, दुसरे घालायचे आणि भिजलेले पिशवीत बांधून बाहेर टाकून यायचे. अशी किती फडकी बदलली हे नंतर तिलाही आठवेना. नर्सबाई डोकावल्या तेव्हा अंथरूण स्वच्छ, बाळंतीण डोळे मिटून पडलेली. झोप लागली असेल असे समजून त्या पुढच्या बाईकडे गेल्या. पाऊण तासाने सुनेने डोळे उघडले आणि म्हणाली, “आत्या, लई थंडी वाजाय लागलीया. डोळ्याम्होरं अंधारी येतीया.” हात लावून बघतात तर अंग गार आणि कपाळावर घाम!

मग धावपळ उडाली. सलाईन लागले, इंजेक्शने झाली, पोटावरून गर्भाशय चोळून झाले. “इथं रक्त नाही, अतिदक्षता विभाग नाही. ताबडतोब हलवा,” डॉक्टर म्हणाले. पण हलवायचे कुठे? सासरे म्हणाले, “कोल्हापूर. तिथं आपली माणसं हाईत.” धाकटा दीर म्हणाला, “बेळगाव. जवळ पडतंय.” नवरा पुण्याला नोकरीला, त्याचा फोन लागेना. त्याला विचारल्याशिवाय कसे न्यायचे, हा आणखी एक प्रश्न. या वादात अर्धा तास गेला. शेवटी डॉक्टरांनीच आवाज चढवला तेव्हा गाडी बेळगावच्या वाटेला लागली. पुढे उसाचे ट्रॅक्टर होतेच.

सून वाचली. पण त्यासाठी अकरा पिशव्या रक्त लागले, गर्भाशय काढावे लागले, तीन दिवस ती कृत्रिम श्वासावर होती आणि नऊ दिवस अतिदक्षता विभागात. आत्या दाराबाहेर बसून एकच सांगत होती, “मी एवढी बाळंतपणं केलो, पर एवढं रगत कवा गेलं ते मला कळलंच न्हाई.”

मैत्रिणींनो, आत्याचे हे वाक्य मी विसरू शकत नाही. कारण तिला कळले नाही यात नवल काहीच नव्हते.

डोळ्यांना रक्त कमी दिसते

ज्या बेळगावात आमच्या सुनेचा जीव वाचला, त्याच बेळगावात या प्रश्नावर फार मोलाचे काम झाले आहे. तिथल्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजच्या डॉक्टरांनी अमेरिकेतल्या संशोधकांच्या साथीने एक साधी वस्तू तयार केली. बाळंतिणीच्या कमरेखाली अंथरायची प्लॅस्टिकची चादर आणि तिच्या खालच्या टोकाला मापाच्या खुणा केलेली नरसाळ्यासारखी पिशवी. गेलेले रक्त त्या पिशवीत जमते आणि किती गेले ते आकड्यात दिसते. मग त्यांनी या मापाची आणि नुसत्या नजरेच्या अंदाजाची तुलना केली. नजरेचा अंदाज मापापेक्षा ३३ टक्क्यांनी कमी निघाला! आणि हा अंदाज करणारी माणसे दवाखान्यातलीच होती, तुमच्याआमच्यासारखी नव्हे.

याच पिशवीच्या आधारे बेळगाव जिल्ह्यातल्या खेड्यांत २००२ ते २००५ या काळात एक मोठा अभ्यास झाला. त्यात १,६२० बायका होत्या आणि बाळंतपणे केली ती गावपातळीवरच्या नर्सबाईंनी. निम्म्या जणींना बाळ जन्मताच मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या दिल्या, निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या पण औषध नसलेल्या गोळ्या. औषध नसलेल्या गटात शंभरातल्या १२ जणींना अतिरक्तस्राव झाला. औषध घेतलेल्या गटात ६.४ जणींना. म्हणजे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आले. २००६ साली ‘लॅन्सेट’ या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात हे निष्कर्ष छापून आले आणि २०११ साली जागतिक आरोग्य संघटनेने अतिरक्तस्राव टाळण्यासाठी या औषधाला अत्यावश्यक औषधांच्या यादीत स्थान दिले. (या गोळ्या मनाने आणून घेण्याच्या मात्र नाहीत. बाळ जन्मण्याआधी चुकीच्या वेळी घेतल्या तर गर्भाशय फाटण्याचाही धोका असतो.)

मापाच्या पिशवीची कल्पना पुढे आफ्रिकेतही उपयोगी पडली. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानिया या चार देशांत २ लाख १० हजारांवर बाळंतपणांचा अभ्यास झाला. तो २०२३ साली प्रसिद्ध झाला. रक्त मापाने मोजायचे आणि प्रमाण वाढताच सगळे उपचार एका पाठोपाठ नव्हे, एकदमच सुरू करायचे, एवढीच त्यातली युक्ती. तिने रक्तस्रावाचे गंभीर परिणाम ६० टक्क्यांनी घटले.

आता आपल्या घरगुती भाषेत बोलू. अर्ध्या लिटरची दुधाची पिशवी आठवा. बाळंतपणानंतर तेवढे रक्त गेले की डॉक्टर त्याला अतिरक्तस्राव म्हणतात. दिवस भरलेल्या गर्भाशयाकडे मिनिटाला अर्ध्या लिटरहून जास्त रक्त वाहत असते. वार पडल्यावर गर्भाशय घट्ट आकसते आणि रक्तवाहिन्यांची तोंडे दाबली जातात. ते सैल राहिले, तर भरलेली टाकी रिकामी व्हायला वेळ लागत नाही. त्यात बाई आधीच अशक्त असेल तर विचारायलाच नको. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या निम्म्याहून अधिक, ५२ टक्के, गरोदर बायका रक्तक्षयाच्या आढळल्या होत्या. धडधाकट बाई जेवढे रक्त गेलेले सोसते, तेवढे अशक्त बाई सोसू शकत नाही.

आणखी एक फसवी गोष्ट. तरुण बाईचे शरीर बराच वेळ नेट धरते. नाडी जलद होते, पण रक्तदाब उशिरा उतरतो. म्हणून ‘बोलतेय की, हसतेय की, म्हणजे ठीक आहे’ असे समजू नये. थंडी वाजणे, तहान, अस्वस्थपणा, अंग गार पडणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे, फार गाढ ‘झोप’ लागणे ही धोक्याची घंटा आहे.

तेव्हा बाळंतिणीजवळ बसणाऱ्या बाईने एवढे करावे. भिजलेली फडकी, पॅड टाकून देऊ नयेत. एका घमेल्यात किंवा पिशवीत जमवावीत, मोजावीत आणि नर्सबाईंना दाखवावीत. तासाभरात एक मोठा पॅड पूर्ण भिजला, गाठी पडू लागल्या किंवा धार लागली तर वाट न बघता हाक मारावी. बाळाला लवकर छातीशी लावावे. त्याने गर्भाशय आकसायला मदत होते. बाळंतिणीला लघवी करवावी, कारण भरलेल्या मूत्राशयाने गर्भाशय सैल राहते. पण रक्त जात असेल तर हे उपाय पुरेसे नाहीत, डॉक्टरच हवेत, हेही विसरू नये.

‘असं व्हायचंच’ असे म्हणू नका

बाळंतिणीला अतिदक्षता विभागात नेणारे दुसरे मोठे कारण म्हणजे वाढलेला रक्तदाब. पाचवा महिना सरल्यावर रक्तदाब १४०/९० किंवा त्याच्या वर जाऊ लागला की लक्ष ठेवावे लागते. १६०/११० झाला तर ते संकटच. मग डोके फार दुखते, डोळ्यांपुढे काजवे चमकतात, पोटाच्या वरच्या भागात, बरगडीखाली कळ येते, तोंडा-हातांवर सूज येते. आपण काय म्हणतो? “पोटुशीला सूज यायचीच!” पुढे झटके आले की कुणी अंगारा लावायला धावते, कुणी बाहेरचे काही लागले म्हणते. यात गेलेला तास परत मिळत नाही. या झटक्यांवर मॅग्नेशियम सल्फेट नावाचे जुने, स्वस्त आणि खात्रीचे औषध आहे. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या, ३३ देशांतल्या दहा हजारांवर बायकांच्या अभ्यासात त्याने झटके येण्याचा धोका निम्म्याहून कमी केल्याचे दिसले. आणि हो, झटके बाळंतपणानंतरही येऊ शकतात. बाळ झाले म्हणजे रक्तदाबाची चिंता मिटली, असे नाही.

तिसरा शत्रू म्हणजे जंतुसंसर्ग. बाळंतिणीला ताप आला की ‘दुधाचा ताप’ म्हणून आपण शेगडी आणखी जवळ ओढतो. पण ताप १००.४ च्या वर, पोटात दुखणे, घाण वास येणारा स्राव, जोराजोरात श्वास, असंबद्ध बोलणे यांतले काहीही दिसले तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. जंतूंचे विष रक्तात भिनले तर मूत्रपिंडे, फुप्फुसे एकेक करून थकत जातात.

स्मिता पाटील आठवते ना? २८ नोव्हेंबर १९८६ रोजी तिला मुलगा झाला आणि १३ डिसेंबरला, बाळंतपणानंतरच्या गुंतागुंतीने, ती गेली. वय अवघे ३१. मुंबईसारखे शहर, नावाजलेली अभिनेत्री. बाळंतिणीचे संकट गरीब-श्रीमंत, शहर-खेडे पाहत नाही आणि बाळ झाल्याच्या क्षणी ते संपतही नाही. म्हणूनच सव्वा महिना बाळंतिणीला जपायची आपली रीत शहाणपणाची आहे. फक्त जपणे म्हणजे खोलीत बंद करणे नव्हे, लक्ष ठेवणे.

याखेरीज कुणाच्या हृदयाची झडप आकसलेली असते आणि ते बाळंतपणातच उघड होते. धाप लागून आडवे झोपता येत नसेल तर ते ‘पोटभार’ म्हणून सोडू नये. कुणाची वार खालच्या बाजूला चिकटलेली असते. विशेषतः आधी सिझेरियन झालेल्या बाईने सोनोग्राफीत वारेची जागा आवर्जून विचारावी. पोट न दुखता अंगावर लाल गेले तरी ते गंभीरच.

अतिदक्षता विभागाच्या दारात

‘आयसीयू’ हा शब्द ऐकला की घरातल्या माणसांचे पाय गळतात. तिथे नेले म्हणजे सगळे संपले, असा एक समज आहे. खरे तर तिथे नेतात ते वाचवण्यासाठीच. मिनिटामिनिटाला नाडी, रक्तदाब, श्वास, लघवीचे प्रमाण बघितले जाते. थकलेल्या फुप्फुसांना यंत्र विसावा देते, उतरलेला रक्तदाब औषधाच्या थेंबाथेंबाने सावरतात, रक्त आणि रक्त गोठवणारे घटक भरतात. तोंडात नळी असल्याने बाई बोलत नाही, पण म्हणून तिला ऐकू येत नाही असे नाही. तिच्या उशाशी रडण्यापेक्षा बाळ ठीक आहे, दूध पिते आहे, हे तिला सांगावे. डॉक्टरांशी बोलायला घरातले एकच माणूस ठरवावे. दहा जणांनी दहा वेळा विचारले की गोंधळच होतो.

केंद्र सरकारने २०१६ साली गरोदर आणि बाळंत बायकांसाठी स्वतंत्र अतिदक्षता कक्ष कसे असावेत याची मार्गदर्शक तत्त्वे काढली. महाराष्ट्राने एकूणच मोठी मजल मारली आहे. २००४ ते २००६ या काळात एक लाख जन्मांमागे १३० माता दगावत. २०१८ ते २०२० मध्ये हा आकडा ३३ वर आला. देशाचा आकडा तेव्हा ९७ होता. पण ज्या घरातली बाई जाते, त्या घराला आकड्याचा काय दिलासा!

तीन उशीर

१९९४ साली सरीन थॅडियस आणि डेबोरा मेन या दोन अभ्यासक बायकांनी माता का दगावतात याचा विचार करून तीन उशीर सांगितले. पहिला, न्यायचे ठरवायला लागणारा उशीर. दुसरा, पोहोचायला लागणारा. तिसरा, पोहोचल्यावर उपचार सुरू व्हायला लागणारा. तिसरा दवाखान्याच्या हातात असतो. दुसरा रस्त्याच्या आणि गाडीच्या. पण पहिला? तो सर्वस्वी आपल्या घरातला आहे.

नेसरीहून गडहिंग्लज वीस-पंचवीस किलोमीटर. कोल्हापूर नव्वदच्या घरात. बेळगाव त्याच्या निम्म्यावर, पण राज्याची हद्द ओलांडून. आमच्या भागातल्या प्रत्येक घरापुढे हा प्रश्न केव्हा ना केव्हा येतो. तो गाडी दारात उभी असताना सोडवायचा की आधी? आम्ही गाडी दारात असताना सोडवायला गेलो आणि अर्धा तास घालवला. रक्तस्राव थांबवायला मदत करणारे ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिड हे औषध पहिल्या तीन तासांतच उपयोगी पडते, हे २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या वीस हजार बायकांच्या अभ्यासाने दाखवले आहे. तीन तासांतला अर्धा तास म्हणजे किती, ते तुम्हीच मोजा.

डोहाळजेवणाच्या दिवशी करायची यादी

सातव्या महिन्यात डोहाळजेवण होते. घरची-दारची सगळी जमलेली असतात. झोपाळा, फुलांच्या वेण्या, बर्फी-पेढ्याची गंमत सगळे होऊ द्या. पण त्याच संध्याकाळी मोठ्या माणसांनी दहा मिनिटे बसून एवढे ठरवावे:

१. अडचण आली तर पहिल्यांदा कुठे, आणि तिथून पुढे कुठे न्यायचे. रक्तपेढी, भूलतज्ज्ञ आणि अतिदक्षता विभाग कुठे आहे, कोणती सरकारी योजना तिथे चालते, हे आधी विचारून ठेवावे.

२. ‘हलवा’ म्हटल्यावर हो कोण म्हणणार. नवरा परगावी असेल तर त्याने आजच सांगून ठेवावे, “माझ्या फोनची वाट बघू नका.” आणि बाईला स्वतःला काय हवे, हेही तिला विचारावे.

३. गाडी. १०८ चा नंबर घरातल्या प्रत्येकाला पाठ हवा. शिवाय गल्लीतल्या एका गाडीवाल्याला सांगून ठेवावे.

४. रक्तगट कागदावर लिहून ठेवावा आणि रक्त देऊ शकणारी दोन-तीन धडधाकट माणसे हेरून ठेवावीत.

५. माहेरी जाताना साड्यांबरोबर तपासणीची फाईल, माता-बाल संरक्षण कार्ड, सोनोग्राफीचे कागद पिशवीत घालावेत. कागद सासरी आणि बाई माहेरी, असे फार वेळा होते.

६. हिमोग्लोबिन ११ च्या खाली असेल तर लोहाच्या गोळ्या नेमाने घ्याव्यात. ७ च्या खाली असेल तर गोळ्यांवर भागत नाही, डॉक्टरांचाच सल्ला हवा. २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर बायकांची मोफत तपासणी होते. २०११ पासून सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझेरियन, औषधे, रक्त आणि वाहन मोफत मिळण्याची तरतूद आहे. हा आपला हक्क आहे, उपकार नव्हे.

घरी आल्यावर

मरणाच्या दारातून परत आलेली बाई घरी येते तेव्हा सगळे बाळाभोवती जमतात. ती मात्र भिंतीकडे बघत बसते. आमच्या सुनेला रात्री यंत्रांचे आवाज ऐकू येत. गर्भाशय काढल्याचे तिला सर्वांत शेवटी सांगितले गेले, याचे तिला फार लागले होते. “मला कुणी इचारलंच न्हाई,” ती म्हणे. तेव्हा विचारायला वेळ नव्हता हे खरे. पण नंतर जवळ बसून सांगायला कुणी अडवले होते? अशा बाईला धीर द्या, बोलू द्या. गरज पडली तर मनाच्या डॉक्टरांकडे न्या.

शरीराकडेही बघा. ज्यांचा रक्तदाब वाढला होता त्यांनी पुढेही आयुष्यभर तो अधूनमधून तपासावा. ज्यांचे फार रक्त गेले त्यांना दूधच आले नाही, पुढे पाळी आली नाही, सतत थकवा राहिला, तर डॉक्टरांना ‘बाळंतपणात खूप रक्त गेलं होतं’ हे मुद्दाम सांगावे. रक्ताअभावी मेंदूतल्या पिट्यूटरी ग्रंथीला इजा होऊ शकते आणि तिच्यावर इलाज आहेत.

आमची सून आता सावरली आहे. मुलगा अंगणवाडीत जातो. आत्या थकली, पण गल्लीत कुणी अडलेली बाई दवाखान्यात निघाली की ती काठी टेकत दारापर्यंत येते. पेढ्यांची चौकशी करत नाही. सोबत जाणाऱ्या बाईला बजावते, “फडकी टाकू नगो गं. मोजून ठेव. आन् कुटं न्यायाचं ते ठरीवलंय न्हवं?”

बाळ रडले म्हणजे निम्मीच सुटका झाली. आईचा रंग, नाडी आणि रक्त ठीक असल्याचे बघितल्यावरच पेढ्यांचा पुडा सोडावा.